येळवशीच्या शिवारात तीन दिवस

लातूर जिल्ह्यात मार्गशीर्ष अमावस्येला गावं रिकामी होतात आणि रानं भरतात. जमिनीची पूजा करून रानातच जेवायचा हा सण, कॅलेंडरात 'वेळ अमावस्या', बोलण्यात येळवस. माझी ऑफिसातली मैत्रीण औसा तालुक्यातली. दरवर्षी डिसेंबर उजाडला की तिचं एक वाक्य ठरलेलं असतं, "दिवाळीला नाही आलीस तरी चालेल, येळवशीला चल." २०२४ साली येळवस ३० डिसेंबरला, सोमवारी आली. आदल्या दिवशी रविवार, सोमवार-मंगळवारची रजा टाकली, आणि या वेळी मी गेलेच.

या सहलीत ना किल्ला, ना घाट, ना धबधबा. घरापासून रानापर्यंत, रानापासून नदीपर्यंत, सपाट काळ्या जमिनीतून नुसतं चालायचं. तीन दिवसांत मिळून वीसेक किलोमीटर झाले असतील. साठीच्या पुढची माणसंही हे सहज चालतील. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. येळवस ही घरची गोष्ट आहे. तिथे ओळखीच्या घरातून जावं, आणि लातूर-धाराशिवकडचं कुणीतरी आपल्या ओळखीत असतंच.

दिवस पहिला, रविवार

पुण्याहून रात्री निघून पहाटे लातूर, तिथून वीस किलोमीटरवर औसा, तिथून जीपने गाव. साडेआठला पोचले तेव्हा अंगणात चूल पेटलेली होती आणि काकू ताकात कालवलेलं जोंधळ्याचं पीठ हुंगून बघत होत्या. "आंबलंय चांगलं," म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे बघून, "लई वाळलीस गं माय. बस, च्या पी."

गावात शिरताना पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते रस्ते. सरळ, काटकोनात वळणारे, रुंद. मराठवाड्यातल्या जुन्या गावाला अशी आखणी नसते. तिथे बोळ असतात, वेस असते, एकमेकांच्या भिंतीला टेकलेले वाडे असतात. हे गाव पुनर्वसनाचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन करून माणसं घरात निजलेली होती. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं, ओझं, हे सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवली. घरं दिली ती जमिनीच्या हिशेबाने: भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मधल्याला साडेचारशे, मोठ्याला साडेसातशे. आज त्या घरांना पुढे पडव्या, मागे खोल्या, वर पत्रे असं बरंच काही जोडलेलं आहे, पण मूळचा तो चौकोन अजून ओळखू येतो.

गाव हललं. रानं हलवता येत नाहीत. ती जुन्या गावाभोवती होती, तिथेच राहिली. म्हणून या गावातला प्रत्येक माणूस गेली तीस वर्षं रोज अडीच किलोमीटर चालत (आता मोटारसायकलवर) जुन्या गावाकडे जातो आणि संध्याकाळी नव्या गावात झोपायला येतो. आम्ही चाललो ती हीच वाट.

दुपारी साडेतीनला अण्णा, म्हणजे मैत्रिणीचे वडील, कोप, म्हणजे पूजेसाठीची कडब्याची लहान झोपडी, बांधायला रानात निघाले. आम्ही दोघी त्यांच्यामागे. गावाबाहेर डांबर संपतं आणि पांदण सुरू होते. दोन्हीकडे बाभळी, बोरी, मधेच एखादा लिंब, म्हणजे कडुलिंब. पांदणीतून बाहेर पडलं की एकदम मोकळं. लातूरचा हा भाग बालाघाटच्या पठारावर आहे, पण पठार इतकं सपाट की नजर थेट क्षितिजापर्यंत जाते आणि वाटेत तिला अडवतात फक्त विजेचे खांब.

आभाळ भरून आलेलं होतं. मला ते चालायला बरं वाटत होतं. अण्णा मात्र दर दहा पावलांनी वर बघत होते. तूर काढणीला आलेली. बऱ्याच रानांत कापून पेंढ्या टाकलेल्या, काही ठिकाणी ताडपत्रीखाली गंजी. अशा वेळी पाऊस पडला की शेंग भिजते, दाणा काळा पडतो. "आणि हरभऱ्यात अळी," अण्णा म्हणाले. ढगाळ हवेत घाटेअळी वाढते. त्यांनी मला हरभऱ्याच्या रानात मधेच उभी असलेली जोंधळ्याची एकेकटी ताटं दाखवली. मला वाटलं मागच्या पिकाचं बी पडून उगवली असतील. नाही, ती मुद्दाम पेरलेली. हरभऱ्याच्या बियात मूठभर जोंधळा मिसळतात. ताट उंच वाढतं, त्यावर कोतवाल पक्षी येऊन बसतो आणि खालची अळी टिपतो. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात एका ताटावरून कोतवालाने तीनदा खाली झेप घेतली. फवारणीचा खर्च यानं पूर्ण वाचत नाही, पण कमी होतो असं अण्णांचं म्हणणं.

हरभऱ्याचं पान मी तोडून तोंडात टाकलं. आंबट, आणि जिभेला किंचित झोंबणारं. पानांवर बारीक केसांसारखी लव असते आणि तिच्या टोकांवर पाण्याचे बारीक थेंब दिसतात. ते दव नसतं, झाडानेच सोडलेली आंब असते. मैत्रिणीची आजी तरुणपणी पहाटे धुतलेलं पातळ फडकं हरभऱ्यावरून ओढून ती पिळून घ्यायची. पोटदुखीवर घरात बाटली भरून ठेवलेली असे.

अण्णांचं रान पाच एकर. तीन एकरांत सोयाबीन होतं, ते निघून आता हरभरा. एका एकरात तूर. उरलेल्या एकरात जोंधळा, घरच्या भाकरीला आणि बैलांच्या कडब्याला. पूर्वी सगळी पाच एकरं जोंधळ्याची असत. सोयाबीनचं विचारलं तर चालता चालताच बोलले, "हमीभाव चार हजार आठशे ब्याण्णव. केंद्रावर नेलं, तर ओलावा जास्त हाय म्हणून परत. बाजारात चार हजार शंभरनं गेलं. नातवाची फी भरायची का भावाची वाट बघायची?" त्यांचा आवाज चढला नाही. मला मात्र पुढे बराच वेळ काही बोलता आलं नाही. क्विंटलमागे आठशे रुपये म्हणजे एका घराला काय, हे ज्या रानात ते पिकलं त्याच रानात उभं राहून ऐकणं वेगळं असतं.

कोप बांधायला अर्धा तास लागला. लिंबाच्या झाडाजवळ आधीच जागा सारवलेली होती. कडब्याच्या पेंढ्या कोपऱ्यांना उभ्या केल्या, वरचे शेंडे एकत्र ओढून सुंभाने बांधले, तीन बाजूंनी पेंढ्या लावून घेतल्या. लहान मूल आत बसेल एवढी झोपडी झाली. आत पाच दगड मांडले, त्यांना चुना लावला. हे पांडव. काम चालू असताना बैल शेजारीच बांधलेले होते. दोन्ही देवणी जातीचे, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेले. याला शेवरा म्हणतात. अंग सगळं पांढरं आणि तोंड काळं असलं तर वानेरा. देवणी ही याच जिल्ह्यातल्या देवणी गावाच्या नावाची जात. गावात आता बैलजोड्या मोजक्याच उरल्या आहेत. अण्णांनी ठेवली आहे.

परतताना भोरड्यांचा थवा डोक्यावरून गेला. शेकडो पक्षी, सगळे एकदम वळणारे. गुलाबी अंगाच्या या मैना थंडीत फार लांबून येतात आणि जोंधळा दुधात आला की कणसांवर तुटून पडतात. अण्णांनी सवयीने हात वर करून "हाऽऽ" केलं, पण थवा केव्हाच पुढे गेला होता.

त्या रात्री घरात कुणी लवकर झोपलं नाही. येळवशीच्या भज्जीची तयारी म्हणजे चार बायकांचं काम. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोले, वाटाणे, घेवडा, शेंगदाणे, गाजर, वांगी, मेथी, चुका, कांद्याची पात, सगळं निवडून, सोलून, चिरून. एका मोठ्या पातेल्यात हे शिजतं, मग चिंचेचा कोळ, बेसन, हिरवी मिरची आणि वाटीभर ठेचलेला लसूण. ही भज्जी, म्हणजे आपल्या तळलेल्या भज्यांशी तिचा काही संबंध नाही. दुसऱ्या चुलीवर सजगुऱ्याचे उंडे. सजगुरा म्हणजे बाजरी. तिच्या पिठाचे लाडवाएवढे गोळे वाफवायचे. तिसऱ्यावर गव्हाची खीर, गूळ आणि बडीशेप घातलेली. मी तुरीच्या शेंगा सोलत बसले. दोन तासांत अंगठ्याचं नख काळं झालं आणि पातेलं जेमतेम अर्धं भरलं. आजी माझ्या दुप्पट वेगाने सोलत होती आणि तिचं लक्ष शेंगांकडे नव्हतंच, ती लेकी-सुनांची खबर घेत होती. दोन वाजता काकूंनी सकाळच्या त्या आंबलेल्या पिठाची आंबील चुलीवरून उतरवली.

*जाणाऱ्यांसाठी थोडं:* डिसेंबर अखेरीस पहाटे चांगलीच थंडी असते, स्वेटर आणि कानाला बांधायला काहीतरी हवं. दुपारी मात्र ऊन लागतं, टोपी न्या. चामड्याचे चांगले बूट नेऊ नका, हरभऱ्यातून चाललं की आंबेने त्यांचा रंग जातो. साधे कॅनव्हासचे पुरतात. पाऊस झाला असेल तर काळ्या रानात उतरूच नका, ती माती पायाला चिकटते आणि पाऊल उचलवत नाही. त्या दिवशी पांदणीच्या कडेने चाला.

दिवस दुसरा, सोमवार, येळवस

सकाळी आठला गल्लीत नुसती लगबग. पत्र्याच्या ट्रंका, टोपल्या, दुरड्या, सतरंज्या. कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कुणी मोटारसायकलवर, आम्ही पायी. आंबिलीची मातीची बिंदगी अण्णांच्या डोक्यावर, तिच्यावर फडकं. ती डोक्यावर असताना मधे कुठे टेकवायची नाही. अडीच किलोमीटर अण्णा एका चालीने गेले. मागे काकू, आजी, मैत्रिणीची भावजय, तीन मुलं, मी. मागे वळून पाहिलं तर गावातून पांदणीत माणसांची रांगच रांग उतरत होती आणि पुढे ती रानारानांत फुटून पसरत होती. लातूर शहरातही या दिवशी बाजार बंद असतो, जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते. ज्यांना स्वतःचं रान नाही ते ओळखीच्यांच्या रानात जातात.

आभाळ निवळलं होतं. अण्णा त्या सकाळी पहिल्यांदा हसले.

कोपीवर काकूंनी शाल पांघरली. पांडवांना कुंकू लावलं, पुढे नैवेद्य ठेवला. मग अण्णांनी तांब्यात आंबील घेतली, लिंबाचा डहाळा बुडवला आणि कोपीभोवती, मग रानात, शिंपत निघाले. मागून मुलं ओरडत होती, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" शब्दांचं वळण कानडी आहे. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे हाच सण एळ्ळ अमावस्या म्हणून होतो. एळ्ळ म्हणजे तीळ. आपल्या येळवशीचं नाव त्यावरूनच आलं असं बरेच जण मानतात. जोंधळा या सुमाराला पोटऱ्यात असतो, म्हणजे कणीस पानांच्या पोंग्यात असतं आणि ताट मधे फुगलेलं दिसतं. आजीने अशा एका ताटावर हात ठेवून मला म्हटलं, "बघ, दिवस गेल्यावाणी." मीही हात ठेवला. ताट गार होतं, आणि पोंग्याच्या आत काहीतरी गच्च भरलेलं बोटांना लागत होतं. काळ्या आईचे हे डोहाळे, म्हणून तिला आंबट आंबील, गोड खीर, सगळ्या भाज्या.

मग जेवण. भाकरी, भज्जी, उंडे, तिळाची पोळी, खीर आणि वाडग्याने आंबील. उंडा हाताने फोडून त्यात भज्जी ओतायची. चुक्याचा आंबटपणा, ओल्या दाण्यांचा गोडवा, मागून येणारी लसणाची ठसक. आंबिलीचं मला वेगळं सांगायला हवं. पहिला घोट घेतला तेव्हा आंबट ताकासारखी वाटली. मग जोंधळ्याची गोडसर चव येते, मग बिंदगीच्या मातीची. ती मातीतली गार आंबील फ्रीजमधल्या कुठल्याही पेयाला येणार नाही अशी उतरते. मी तीन वाडगे प्यायले.

खरी भटकंती त्यानंतर. मैत्रीण म्हणाली, चल, शिवार बघून येऊ. बांधाबांधाने चालायला लागलो. शंभर पावलं गेलो नसू, तर शेजारच्या रानातून हाक आली, "ओ ताई, कुठं निघालाव? या की हिकडं!" मी म्हटलं, आत्ताच जेवलोय. त्या बाईंनी ऐकलंसुद्धा नाही. सतरंजीवर जागा झाली, पुढ्यात पान आलं. "येळवशीला दारावरनं, आवो रानावरनं, रिकाम्या तोंडानं कुणी जाऊ नी." त्या मला ओळखत नव्हत्या. नाव विचारलं ते जेवण वाढल्यावर.

पुढच्या चार तासांत आम्ही सहा रानांत बसलो. प्रत्येक घरची भज्जी वेगळी. एकीकडे शेंगदाण्याचा कूट जास्त, एकीकडे हिरव्या मिरचीचा जाळ, एका ठिकाणी रानातला चिगळ घातलेला, ती मला सगळ्यात आवडली. एका रानात लिंबाला झोका बांधलेला होता आणि त्यावर लग्न होऊन गेलेल्या चार लेकी पाळीपाळीने बसत होत्या, सगळ्या माहेरी आलेल्या. एकीकडे पतंग चालले होते. पाचवं रान एका मुसलमान कुटुंबाचं. त्यांच्याकडेही कोप होती, आंबील होती. तिथले चाचा म्हणाले, "रान हाय म्हणल्यावर येळवस हायच की." त्यांच्या आजोबांपासून हे चालत आलेलं. सहावं रान ज्यांचं, ते स्वतः शेजारच्या रानात जेवायला गेलेले होते आणि त्यांच्या कोपीपाशी त्यांचा सालगडी आम्हाला वाढत होता. नंतर तोही बायको-मुलांसकट आमच्याबरोबर बसला.

गावापासून एवढ्या लांब, ना दुकान ना हॉटेल, अशा मोकळ्या रानात मी चार तास चालले. पाण्याची बाटली एकदाही उघडली नाही. अनोळखी जमिनीवरून चालताना माझ्यासारखीच्या मनात एक धास्ती असते, कुणी हटकेल का, हे रान कुणाचं, इथून गेलं तर चालेल का. त्या दिवशी ती सुटली. या जमिनीवर सगळ्यांना हाकारून बोलावलं जात होतं, आणि त्यात मीही होते. अजून आठवलं की भरून येतं.

सूर्य कलला तसे आम्ही अण्णांच्या रानात परतलो. कोपीपुढे शेणाच्या गोवऱ्या पेटवून त्यावर लहानशा मडक्यात दूध ठेवलं. सगळे भोवती बसले. बोलणं आपोआप थांबलं. दूध ज्या दिशेला उतू जाईल त्या बाजूला साल चांगलं, असं मानतात. दूध वर आलं, कडेला थबकलं, आणि पूर्वेला उतू गेलं. "उगवतीकडं," आजी म्हणाली आणि हात जोडले. अंधार पडताना अण्णांच्या मुलाने कडब्याचा हेंडगा, म्हणजे पलिता, पेटवला आणि तो घेऊन रानाला पळत फेरी मारली. तेवढ्यात शेजारच्या रानात दुसरा पेटला, पलीकडे तिसरा. सपाट जमीन असल्यामुळे लांब लांबचे दिसत होते. अमावस्येच्या काळोखात पार क्षितिजापर्यंत ठिपके पळत होते. मी फोटो काढायचा प्रयत्न केला आणि फोन खिशात ठेवून दिला.

*जाणाऱ्यांसाठी थोडं:* येळवशीला दुकानं, हॉटेलं बंद आणि गाड्या कमी. लागणाऱ्या वस्तू, औषधं, पेट्रोल आदल्या दिवशीच घ्या. प्रत्येक रानात थोडंच वाढायला सांगा, पण नको म्हणू नका. मुलांसाठी खाऊ, घरासाठी फळं न्या. पैसे मात्र कुणालाही देऊ करू नका, फार लागतं त्यांना ते. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या रानात राहू देऊ नका, बैलांच्या पोटात जातात. कापून ठेवलेल्या तुरीवरून चालू नका, शेंगा फुटतात. आणि हुरड्याच्या आशेने येळवशीला येऊ नका, कणसं दुधात भरायला अजून अवकाश असतो. हुरड्यासाठी जानेवारी अखेर धरा.

दिवस तिसरा, मंगळवार

सकाळी नदीपर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. तेरणा इथून जुन्या गावाच्या मागे किलोमीटरभर. थंडीत पाणी बेताचंच, पात्रात लव्हाळी, कडेला टिटव्या. काठावरच्या रानांत ऊस उभा आहे, कारण तिथे मोटार लावता येते. पाचशे पावलांवर मागे वळलं की कोरडवाहू तूर आणि हरभरा. एकाच गावात पाणी असलेल्याचं आणि नसलेल्याचं साल किती वेगळं असतं, ते एवढ्या चालण्यात कळतं. याच जिल्ह्यातल्या लातूर शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अण्णांनी तेव्हाच्या जोडीतला एक बैल विकला. त्यावर ते फार बोलले नाहीत.

दहाच्या सुमाराला आजी म्हणाली, "मला जुन्या गावात जायचंय. कुणी येतंय का?" आम्ही दोघी निघालो. आजीच्या हातात आदल्या दिवशीच्या आंबिलीचा तांब्या होता.

जुन्या गावात आता गाव नाही. बाभळी आणि लिंब माजलेत, मधे दगडांचे ढीग, बरेचसे दगड नव्या बांधकामांना गेले. मारुतीचं देऊळ पुन्हा उभं केलं आहे, शनिवारी दिवा लागतो. आजी त्या झाडीतून अशी चालत होती की पायाखाली रस्ते असावेत. "हा बोळ. हिकडं सोनाराचं घर. ही आड, आता बुजवली." मला फक्त गवत दिसत होतं. एका जागी ती थांबली, वाकली, हाताने पाला बाजूला केला. खाली एका चौकोनी दगडात खोल गोल खळगा. उखळ. घराच्या भिंती गेल्या, माळवद गेलं, तुळया गेल्या, पण उखळ जमिनीत रोवलेलं, ते जिथल्या तिथे. त्यावरून आजीने आम्हाला सगळं घर दाखवलं. हे स्वयंपाकघर, ही भिंत, या भिंतीत बळद, त्यात वर्षाचा जोंधळा. तिकडे सोपा, जिथे त्या रात्री तिचे धाकटे दीर आणि जाऊबाई झोपलेले होते, त्यांच्या दोन लेकरांसह. चौघंही गेले. ती आणि मैत्रीण, तेव्हा चार वर्षांची, चौकटीच्या आडोशाला सापडल्या. दुपारी बाहेर काढलं.

"आणि अण्णा?" मी विचारलं.

"त्यो रानात. उडदाची रास होती खळ्यावर, राखणीला गेलता."

उखळात पावसाची माती साठलेली होती. आजीने ती बोटांनी उकरून काढली, पदराने आतून पुसलं आणि तांब्यातली आंबील त्यात ओतली. काठोकाठ नाही, पळीभर. दर येळवशीच्या दुसऱ्या दिवशी ती हे करते. कुणी सांगितलेलं नाही, पोथीत नाही, गावात आणखी कुणी करत नाही. मैत्रीण तिच्या शेजारी उकिडवी बसली होती. तिला त्या घराचं काहीच आठवत नाही, हे तिने मला आदल्या रात्री सांगितलं होतं. आता ती उखळाच्या काठावरून अंगठा फिरवत होती, जिथे मुसळाने घासून घासून दगड गुळगुळीत झालेला आहे.

परतीची थोडी माहिती इथेच देते. दुपारी गावातून औशाला जीप मिळते. हाताशी वेळ असेल तर किल्लारीला भूकंपातल्या मृतांचं स्मारक आहे, तिथे थांबा. लातूरहून ते त्रेचाळीसेक किलोमीटर. खरोशाची लेणीही याच तालुक्यात आहेत, पण त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. मी दोन्ही केलं नाही, रात्रीच्या गाडीने परतायचं होतं.

आजी उठली, गुडघ्यावर हात ठेवून एकदा ताठ झाली आणि रानाच्या दिशेने चालू लागली. आम्ही मागोमाग. नव्या गावाच्या वाटेवर एका रानात उशिरा पेरलेला हरभरा होता, अजून वीतभरच. तिने बांधावरच्या माणसाला लांबूनच हाक मारली, "खुडू का रे चार शेंडे?" त्याने हात हलवला. आजी वाकून दोन बोटांनी कोवळे शेंडे टिपत पदरात टाकायला लागली, जलद, रांगेने, मला पुढची रांग दाखवत. "तू तिकडनं घे. नखानं न्हाई, चिमटीनं. गाडीत खायला भाकरीसंगं भाजी करून देते तुला."